आम्ही विसरायचा पगार घेतो

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कप उचलल्यावर टेबलावर चहाचं वर्तुळ उरतं, तसे ते उरतात. आमच्याकडे तर काही उरूच नये असा नियम, तरी केवढे साठलेत!

वारज्यात, चौथ्या मजल्यावर, आम्ही युरोपातल्या एका कॉस्मेटिक्स कंपनीच्या ग्राहकांची माहिती सांभाळतो. तिकडचा कायदा कडक. ग्राहक म्हणाला "मला विसरा", की नाव, पत्ता, वाढदिवस, सगळं पुसायचं. त्या कायद्याच्या पहाऱ्याला आमच्या ओक मॅडम. कोणी कसलीही माहिती मागितली, की त्यांचा एकच प्रश्न: "उद्देश काय?"

*

नवीन असताना आम्ही मॅडमनाच त्यांचा वाढदिवस विचारला.

"उद्देश काय?"

"केक आणायचाय, मॅडम."

"केकला तारीख लागत नाही. आजही आणू शकता."

आणला! मॅडमनी दोन तुकडे खाल्ले. तारीख मात्र सांगितली नाही.

*

कर्वेनगरच्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलीनं मॅडमचा मोबाइल नंबर मागितला.

"कशाला?"

"बिल पाठवायला."

"मी समोर उभी आहे. हातात द्या."

"नंबराशिवाय सिस्टीम पुढे जात नाही, मॅडम."

"मग साबण मागे ठेवा."

*

आमचा वानखडे अमरावतीचा. ग्राहकाची ओळख पटल्याशिवाय अक्षर बोलायचं नाही, हे त्याच्या इतकं अंगात भिनलं, की एकदा अनोळखी नंबरवरून आईचा फोन आला तर हा म्हणाला, "आपली ओळख पटवून द्याल का?"

पलीकडून आवाज आला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "तुही माय बोलून रायली! काय पुरावा पायजे तुले?"

*

माझा दोष वेगळा. माझ्या स्क्रीनवर ग्राहकाचं नाव झाकलेलं असतं, दिसते फक्त खरेदी. दुपारी खडकवासल्याकडून ढग सरकत येतात, आणि मी त्या खरेदीतून माणसं रचत बसते. जांभळी लिपस्टिक फक्त हिवाळ्यात घेणारी एक बाई होती. बर्फात एकटीच कोणाची तरी वाट बघत उभी असायची, माझ्या डोक्यात. एक दिवस तिनं "मला विसरा" कळवलं. आम्ही पुसलं. मी आठवडाभर हळहळत होते.

मॅडम म्हणाल्या, "अहो, ऑफिसचा डेटा स्वप्नात घेऊन जायला परवानगी नाही."

*

आणि हे परवाचं. बरीच वर्षं काही न घेतलेल्यांची खाती महिनाअखेरीला आपोआप पुसली जातात. त्याची सूचना एका खात्यावर गेली आणि एका आजोबांची मेल आली. खातं त्यांच्या बायकोचं. ती आता नाही. पण दर वाढदिवसाला कंपनीची मेल येते, 'प्रिय मार्था, आज तुमचा दिवस!' आजोबांनी लिहिलं होतं, "तिच्या नावानं आता एवढं एकच येतं. कृपा करून बंद करू नका."

वानखडे खिडकीकडे बघत बसला. मॅडम म्हणाल्या, "नियमात बसत नाही," आणि उत्तर टाइप करायला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. चहालासुद्धा आम्ही त्यांना हाक मारली नाही.

महिनाअखेरीला मार्थाचं खातं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक नवं खातं मॅडमकडे मंजुरीला आलं, आजोबांच्या स्वतःच्या संमतीनं उघडलेलं. 'आम्ही तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?' ह्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, मार्था. वाढदिवसही तिचाच.

सोबत मॅडमचं उत्तर जोडलेलं होतं. त्यातली शेवटची ओळ: 'नाव आणि तारीख आपल्याला हवी ती लिहावी.'

वानखडे हळूच म्हणाला, "मॅडम, उद्देश विचारू का?"

"नको," म्हणत मॅडमनी मंजुरीचं बटण दाबलं. मग चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"येत्या गुरुवारी," त्या म्हणाल्या.

"काय, मॅडम?"

"माझा वाढदिवस. केक ह्या वेळी चॉकलेटचा नको."