चव घेतली, उत्तम आहे

बायकोपासून माझं काही लपत नाही. साखर वाढलेली असताना बाहेर जिलेबी खाल्ली, तरी घरात पाऊल टाकताच तिला कळतं. पण ही एक गोष्ट तिला आजवर कळलेली नाही — तिलाच काय, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा माझं व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही बसला असाल — मग तर सांगायलाच हवं.

व्याख्यानाचा विषय 'स्वयंपाकघर आणि नेतृत्व'. मुख्याध्यापकांच्या शिबिरात ते सुरू झालं, आता नागापूरच्या कारखान्यातल्या सुपरवायझरांसमोरही देतो. गॅस पेटवण्याआधी कांदा चिरलेला हवा, मीठ हाताशी हवं. मोहरी तडतडायला लागल्यावर हळदीचा डबा शोधत बसायचं नसतं. तयारी आधी, आणि वेळ आली की हात चालला पाहिजे. मग जरा थांबून, आवाज खाली आणून मी म्हणतो — आणि वाढण्याआधी स्वतः चाखा. इथे हमखास टाळ्या पडतात.

यातलं एकही वाक्य माझं नाही. मला धड चहासुद्धा करता येत नाही.

हे सगळं सगुणाबाईंचं. कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो — म्हणजे दोन शिक्षकांतला वयाने मोठा — आणि सगुणाबाई मुलांचं जेवण शिजवायच्या. सगळं चिरून, निवडून, ओळीने मांडल्याशिवाय त्या काडी ओढत नसत. एकदा भात अर्धवट असताना सिलिंडर संपला. मी फोन करावा तर कुणाला, या विचारात व्हरांड्यात येतो, तोवर बाईंनी तीन विटा मांडून जाळ केला होता. वस्तीवर बारसं असो की साखरपुडा, स्वयंपाकाला त्यांनाच बोलावत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचा.

शाळेत एक चव नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने घास खाऊन बघायचा आणि वहीत लिहून सही करायची. मी सोमवारीच आठवडाभराचं लिहून टाकायचो — 'चव घेतली, उत्तम आहे.' खाली सही. सगळेच असं करतात — नको, हे वाक्य खोडा. मी करत होतो.

त्या दिवशी संकष्टी होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून शिक्षणखात्याचे साहेब शाळा बघायला येणार म्हणून मी तक्ते रंगवत बसलो होतो. बाई वाटीत उसळ घेऊन आल्या. त्यांचं बोलणं मला अजून शब्दान् शब्द आठवतं.

"सर, त्येलाचा डबा आज नवा फोडलाय, वास बरा न्हाई त्याचा. मला चतुर्थी हाय, तवा तुमीच चाखून बघा. बरं नसंल तर आज भात-गूळ वाढते."

बघा — अडचण ओळखली होती, दुसरी तयारीही मनात होती. माझ्याकडून हवा होता फक्त एक घास आणि एक शब्द. मी मान वर केली नाही. "ठीक आहे बाई, वाढा," म्हणालो. मी चाखलंय, असंच त्यांना वाटलं असेल का? वाटी टेबलावर तशीच राहिली.

तासाभरात पहिलीची मुलं ओकायला लागली, मग दुसरीची. जीपमधून सगळ्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत सगळी बरी झाली, हे खरं. पण जीप गेल्यावर मी पहिलं काम काय केलं? ती वाटी उचलली, उसळ शाळेमागच्या बाभळीखाली ओतली, वाटी नळावर धुतली आणि स्वयंपाकखोलीतल्या मांडणीत नेऊन पालथी घातली. बघा, वेळ आल्यावर माझाही हात चालला होता.

चौकशी झाली. मी वही पुढे केली. वाढण्याआधी मी स्वतः चाखलं होतं, चव चांगली होती — हे मी तोंडानेही सांगितलं. मग साहेबांचा हिशोब सरळच झाला: सरांनी चाखलं तेव्हा चांगलं होतं, म्हणजे जे बिघडलं ते नंतर, बाईंच्या हातून. तेलाचा डबा कुणी हुंगूनसुद्धा पाहिला नाही. साहेबांनी बाईंना विचारलं, सरांनी चव घेतली होती का? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकून गेला होता. मी वहीकडे बघत होतो.

"सर म्हन्त्यात तर घेतली आसंल," त्या म्हणाल्या.

बाईंना काढून टाकलं. नंतर वस्तीवर त्यांना कुणी साध्या बारशालाही स्वयंपाकाला बोलावलं नाही. माझी मात्र बढती झाली, आणि बाईंच्या तोंडून ऐकलेलं सगळं जोडून मी व्याख्यान तयार केलं. लोकांना ते आवडतं. मलाही आवडायचं, हेही सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात कर्जतला गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून बाईंच्या घरी गेलो. त्या थकल्यात. मला बघून आनंदल्या — खरंच आनंदल्या — आणि स्वतः चहाला उठल्या. चुलीपाशी त्यांनी दुधाचं पातेलं सुनेपुढे धरलं, "वास बघ गं." सुनेने हुंगून मान हलवली तेव्हाच दूध चहात पडलं. चहा झाल्यावर पहिला घोट त्यांनी सुनेलाच घ्यायला लावला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्या ओशाळून हसल्या.

"माझ्या नाकावर आता भरवसा न्हाई, सर. तवा एवढाली लेकरं आजारी पाडली म्या."

त्यांच्या नाकाने बरोबर सांगितलं होतं. हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांना ते आता माहीत नाही. मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, येताना एसटीत दहा वेळा घोकलेले.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चहा उत्तम झालाय," मी म्हणालो, आणि कप खाली ठेवून उठलो.