वाटीभर इलेक्ट्रॉन

आमचे देवराम सर मूळचे पेठ तालुक्याकडचे. गंगापूर रोडवरच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण तोंडातून 'आहे' कधी निघालं नाही. "वीज हाय, तर तार हाय. तार नाय, तर काय नाय," असं म्हणून ते खडू कानावर ठेवायचे आणि पुढचा अर्धा तास तोच खडू शोधायचे.

एकोणऐंशी साली त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, की एकटा एक रेणूसुद्धा तारेचं काम करू शकेल. धातूच्या दोन टोकांमध्ये तो अडकवायचा. इलेक्ट्रॉन या टोकावरून चढणार, त्या टोकावर उतरणार. रेणू लांब असला तर वाटेत जागोजागी टेकत जाणार, आखूड असला तर कुठं न टेकता थेट पार. झालं. अभ्यासक्रम जागच्या जागी थांबला आणि रेणू रोज लांबत गेला.

हेडमास्तर नाकातून बोलायचे, आणि फार शुद्ध. हा रेणू मला डोळ्यांनी दाखवा, म्हणाले, नाहीतर जूनपासून विज्ञान दुसऱ्याकडे आणि तुम्हाला कवायत. सरांचं पोट बघता ही फाशीच होती.

सरांनी रेणू आपल्या वसाहतीतच उभा केला. ओळीनं सहा खोल्या, प्रत्येक उंबऱ्यात एक बाई, म्हणजे एकेक अणू. दोन्ही टोकांना चिंचेनं घासलेल्या पितळी घागरी. एकीपाशी सर, दुसरीपाशी खुर्चीत हेडमास्तर, गळ्यात कवायतीची शिट्टी तयारच. इलेक्ट्रॉन म्हणून गोटी ठरली होती, पण तालमीत ती पोरांनी जिंकून नेली. मग सरांनी घरातली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी घेतली. हलकी हाय, म्हणाले, इलेक्ट्रॉनही हलकाच असतोय.

वाटी निघाली. पहिल्या उंबऱ्यातल्या मालनबाईनं रिकाम्या वाटीकडे बघितलं, पलीकडच्या यशोदाबाईकडे बघितलं आणि सरळ घरात गेली. शेजारणीच्या हातात रिकामी वाटी कशी द्यायची? ती लोणच्याची फोड घालून आली. यशोदाबाईनं वर गुळाचा खडा ठेवला. भागीबाईनं तर, जरा दम धरा भाऊ, म्हणत भज्यांचं तेलच तापत ठेवलं.

हेडमास्तरांनी मान लांब केली. "गुरुजी, आपला इलेक्ट्रॉन कुठे आहे?"

"भागीबाईकडं टेकलाय, सर. लांब रेणू हाय."

"आणि त्याचं वजन का वाढतंय?"

सरांनी घाम पुसला. "पुस्तकात नाय वाढत, सर. वसाहतीत वाढतंय."

मग त्यांनी रेणू आखूड करायचं ठरवलं. घागरी जवळ आणल्या, पाच बायका आत धाडल्या आणि मध्ये एकट्या मालनबाईला खाली बसवलं. वाटीतलं लोणचं, गूळ, भजी सगळं तिच्या पदरात ओतलं आणि वाटी तिच्या डोक्यावरून भिरकावली. ती कुठंही न टेकता थेट हेडमास्तरांच्या हातात.

"गेला की थेट," हेडमास्तर पहिल्यांदाच नाक सोडून तोंडानं बोलले.

वाटी परत द्यायला ते उठले. खिडक्यांतून पाच बायका आणि समोरून मालनबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. वाटी रिकामी होती. त्यांनी खिसे चाचपले, रुमाल काढला, परत ठेवला. शेवटी गळ्यातली शिट्टी उतरवून वाटीत घातली.

जूनमध्ये कळलं, विज्ञानही सरांकडेच राहिलं आणि कवायतही आली. मैदानावर एक शिट्टी म्हणजे टेकत टेकत जा, दोन शिट्ट्या म्हणजे थेट पार. शिट्टी तोंडात असली की मात्र त्यांना 'हाय' म्हणता यायचं नाही. नुसतं फुर्र.