भात शिजेपर्यंतचं मनिला

"बाकोलोदहून मनिला किती लांब?" असं कुणी विचारलं की मानोंग, म्हणजे आमचा दादा, सान्तो म्हणायचा, "भात शिजून मुरेपर्यंत." पाचशे किलोमीटरही नाहीत, विमानाला तासाच्या थोडं वर. आमच्याकडचे बाकीचे लोक झुंजीचे कोंबडे दोन-तीन दिवस आधी धाडतात, तिथल्या हवेला रुळू देतात. हा पठ्ठ्या झुंजीच्याच सकाळी निघायचा. पहाटेपासून कोंबड्याचं दाणा-पाणी बंद. हलका कोंबडा उंच उडतो, हे त्याचं शास्त्र.

त्याच्या कोंबड्यांच्या डाव्या पायाला पातं बांधायचं काम माझं, म्हणून त्याचं डोकं मला ठाऊक. लहानपणी बापाने नाक फोडलेलं, तेव्हापासून याचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. माया करायचा ती फक्त बुलिकवर. तो ठिपक्यांचा कोंबडा त्याने पिल्लू असताना शर्टाच्या आत ठेवून जगवला होता. मालकीण दोन्या इल्दाने शब्द दिला होता, मनिलात आणखी एक झुंज जिंकला की बुलिक पैदाशीला राहील, पुन्हा रिंगणात उतरणार नाही.

"मग या वेळी तरी आधी पाठव," ती म्हणाली.

"कशाला, सेन्योरा? समुद्र ओलांडला हे त्याला कळतसुद्धा नाही."

त्या दिवशी मनिलावर वादळ होतं. विमान घिरट्या घालून भलत्याच शहरात उतरलं आणि कोंबड्यांचे डबे धावपट्टीवर उन्हात भाजत राहिले. वादळ निवळल्यावर पुढे उडून मनिलाच्या आखाड्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. डबा उघडला, तर बुलिकचा तुरा काळा पडलेला.

"मानोंग, माघार घे. नाहीतर निदान पाणी पाज त्याला."

"आता पाजलं तर जड होईल. तू तुझं पातं बांध, अक्कल शिकवू नकोस."

बांधलं. माझंही चुकलंच.

पहिल्या उडीत बुलिकने समोरच्या लाल कोंबड्याची मांडी उभी चिरली. लोक ओरडले. दुसरी उडी त्याला घेताच आली नाही. लालने पंखाखाली पातं घुसवलं, बाहेर काढलं, पुन्हा घुसवलं. बुलिकच्या चोचीतून रक्ताचे बुडबुडे आले. पंचाने निकालासाठी दोघांना पाठीला धरून समोरासमोर उचललं; जो उलट टोचणार नाही तो हरला. लालने दोनदा टोच मारली. बुलिकने चोच उघडली, ती मारायला नव्हे.

हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. लालवाल्याने हात पुढे केला. "आण इकडे, भाऊ. रात्री शिजवून याचा आडोबो खाऊ."

सान्तोने त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मग लालवाल्याच्या चार माणसांनी सान्तोला लाथांनी तुडवला. सोडवायला गेलो तर माझा ओठ फाटला. सान्तो बुलिकवर पालथा पडून राहिला, बरगडीत लाथा बसत होत्या आणि बुलिकच्या पायाचं पातं त्याच्या तळहातात रुतलं होतं. तरी सोडेना.

"पाणी आण," तो मला म्हणाला.

बाटलीच्या झाकणातून पाणी दिलं. बुलिक एक घोट प्याला आणि मान टाकली. तेव्हा सान्तो उठला. त्याने दोन्ही रक्ताळलेल्या हातांनी तो लालवाल्याला दिला.

"आता ने," म्हणाला.

परतीचं विमान अगदी वेळेवर निघालं. रिकामा डबा मांडीवर घेऊन सान्तो खिडकीशी बसला होता.

"बाकोलोदला किती वेळ लागेल रे?" त्याने विचारलं.

"भात शिजेपर्यंत, मानोंग," मी म्हणालो, आणि तो ढसाढसा रडायला लागला.