मोठ्या आकड्याचं मीठ

खतं-बियाण्यांच्या दुकानात माझी बावीस वर्षं गेली. पोत्यावरचा मोठा आकडा बघून भुलणाऱ्यांना मीच दम देतो, "माती तपासली का आधी? मग मोठ्ठं काय मागून राहिला?" असा शहाणा मी, अन् बायकोच्या समुद्राची वाट मीच लावली.

समुद्र म्हणजे आमच्या लातूरच्या घरातली काचेची टाकी. बैठकीत टीव्ही होता, तिथं आता ती असते. दोन नारिंगी मासे, चार दगड, अन् एका दगडावर बायकोचा जीव की प्राण असलेलं मऊ प्रवाळ. जाड देठं, देठांच्या टोकाला बारीक पंजे, अन् ते पंजे दिवसभर आपोआप उघडायचे, मिटायचे. "हात हलवतंय," असं ती म्हणायची. नांदेडला शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंशी तिची या नादातूनच ओळख झाली, सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणजे मोठी ताई. आपांनी आपल्या टाकीतला नखाएवढा तुकडा दिला, त्याची हिनं चार वर्षांत पाच देठं केली.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती नांदेडला गेली अन् टाकी माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी दहावा हिस्सा पाणी काढायचं. फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून तेवढंच परत घालायचं. हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे बरं का. समुद्रात जे जे असतं ते सगळं घातलेलं, डब्यातून मिळणारं. तिसऱ्या रविवारी डबा खरवडला तरी पुरेना.

तिला एक फोन करायला काय झालं होतं? पण ताठा! मीठ आणायला बायकोला काय विचारायचं, म्हणून तडक मासेवाल्याकडं गेलो. तिचं नेहमीचं मीठ संपलेलं. दुसरे दोन डबे होते. एकावर अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्यातल्या क्षाराचा आकडा होता आठ, दुसऱ्यावर बारा. मासेवाला म्हणाला, "काका, मॅडमची टाकी आठवर चालती. तेच न्या." मी म्हणलं, "बारावालं दे. जोमानं वाढू दे की जरा!"

घरी येऊन दहावा हिस्सा नाही, अर्धी टाकी बदलली. भारीचं मीठ आहे तर पोटभर मिळू दे. पाणी तपासायचे थेंब कपाटात तसेच राहिले. वर तिला फोन करून डब्याचं नाव सांगितलं अन् मिजास मारली, "तुझ्यापेक्षा भारी मीठ आणलंय, बघच आता."

सोमवारी सकाळी बघतो तर एकही हात हलत नव्हता. पंजे घट्ट मिटलेले, देठं मान टाकल्यासारखी. तेवढ्यात तिचा फोन. "अहो, हात हलतात का?"

"हाव. मस्त हलून राहिले."

"व्हिडिओ पाठवा की."

मागच्या आठवड्यातला व्हिडिओ फोनमध्ये होता. तो पाठवला. तिनं लगेच कौतुकाचा अंगठा टाकला. मंगळवारी एक देठ विरघळून त्याची शेंबडासारखी तार लोंबायला लागली. मी टाकीवर चादर टाकली. बघवेना, खरं सांगतो. दुकानात फोन वाजला की पावतीवरचा आकडा चुकायचा. एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, "मालक, बीपी वाढला का?"

बुधवारी अकराच्या सुमारास तिचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "अहो, तुमचं मीठ लागू पडलं म्हणून मी आपांना सांगितलं. व्हिडिओबी दाखवला. त्यांनी तेच आणलंय, आज पाणी बदलून राहिल्या."

तोंडचं पाणी पळालं माझं. आपांच्या टाकीत या प्रवाळाचा मूळ वेल होता. आमचं जे काही होतं, ते तिथनंच आलेलं.

"थांबव त्यांना!"

"का? काय झालं?"

"आधी थांबव म्हणतो ना!"

तिनं फोन ठेवला. पुढची पाचेक मिनिटं मी काउंटरला धरून उभा होतो. एवढा मी कधी घाबरलो नव्हतो, बापाच्या ऑपरेशनलासुद्धा नाही. फोन परत वाजला.

"बादली कालवून ठेवली होती त्यांनी. ओतली न्हाई. आता सांगा."

सगळं सांगितलं. आकडा, अर्धी टाकी, जुना व्हिडिओ, चादर. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "किती देठं शाबूत हायत?"

मला काय माहीत! मी बघितलंच नव्हतं. दुकान ओढून घेतलं, घरी गेलो, चादर काढली. तीन देठं गेली होती. दोन उभी होती, पण बुडाशी पिचपिचीत.

फोन स्पीकरवर ठेवला अन् ती सांगत गेली तसं केलं. नवं ब्लेड घेतलं, सडक्या भागाच्या वरून दोन्ही देठं कापली अन् स्वच्छ दगडावर दोऱ्यानं हलकेच बांधली. दुकानात येणाऱ्या पोरांना कलम कसं बांधायचं ते मी दाखवत असतो, पण त्या दिवशी साधी गाठ बसेना. तिसऱ्यांदा बसली.

"आता व्हिडिओ नको मला," ती म्हणाली. "सकाळी फोन करा अन् तोंडानं सांगा. मेलं असलं तर मेलं म्हणा."

सकाळी चहाही न घेता टाकीपुढं बसलो. डोळे चोळून चोळून बघितलं, दोनदा, तीनदा. मग तिला फोन लावला.

"एक गेलं," मी म्हणलं. "एक हाय. मिटलेलं हाय, पण हाय."

ती म्हणाली, "खरं?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली आमच्या. माझ्या बोलण्यावर तिनं असं कधीच विचारलं नव्हतं.