साहेबांनी आवळलेला नट

साहेब छत्तीस वर्षं आवक-जावक खात्यात कारकून होते. ऑफिसात त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही. ती हौस घरच्यांनी भागवायची. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर थोरल्या भावाच्या बोटीवर गेली. भाऊ गेल्यापासून सहा वर्षं वहिनीच ती चालवत होत्या. माणसं, किराणा पलीकडच्या काठावर पोचवत होत्या.

"बोट गळते," साहेबांनी आईपुढे फिर्याद मांडली. "तळाला पाणी असतं."

"भाऊजी, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो, तिथल्या पॅकिंगमधून येतं ते," वहिनी म्हणाल्या. "बोट चालताना मिनिटाला चार-पाच थेंब पडायलाच हवेत. त्या पाण्यानंच ते थंड राहतं."

"वा! गळतीचंही वेळापत्रक!"

बोट आईच्या नावावर होती. आई म्हणाली, "रविवारी मला फिरवून आण. मग ठरवते, कुणाच्या हाती द्यायची ते."

शनिवारी साहेब पाना घेऊन बोटीच्या तळात उतरले आणि पॅकिंगचा नट दात-ओठ खाऊन आवळला. शेवटचा थेंब थांबला, तेव्हा विजयी वीरासारखे ताठ उभे राहिले आणि वरच्या फळीवर डोकं आपटलं.

रविवारी बोट निघाली. साहेबांनी फळी उचलून आईला तळ दाखवला. "बघ, टिपूस नाही!" आणि टाळ्यांची वाट पाहत थांबले.

वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "भाऊजी, जरा सैल करा हो."

"आज तुम्ही प्रवासी आहात. बसा निवांत."

पाण्याच्या मध्यावर करपल्याचा वास आला. "काठावर कुणीतरी कचरा जाळतंय," साहेब म्हणाले. वारा उलट्या दिशेचा होता. मग फळीच्या फटीतून धूर निघाला आणि साहेबांचे हात सुकाणूवर गोठले.

वहिनींनी इंजिन बंद केलं. हाताला फडकं गुंडाळून, पाना घेऊन त्या खाली उतरल्या आणि नट हळूहळू सैल केला. पाणी झिरपलं, चर्र झालं, वाफ उठली.

"पॅकिंग जळलंय. हळू गेलो तर घरी पोचू," त्या वर येऊन म्हणाल्या. "जाऊ द्या भाऊजी, पहिल्या वर्षी मीही असंच आवळलं होतं."

साहेबांना त्यापेक्षा थप्पड परवडली असती. "नटच हलक्या प्रतीचा..." त्यांनी सुरुवात केली.

"सुकाणू सोड," आई म्हणाली. "बोट तिचीच. तू इकडे ये. ऊन लागतंय, छत्री धर माझ्यावर."

साहेबांनी धरली. वारा इतका होता की दोन्ही हात लावावे लागले.