डालग्यावरची काठी

ढाण्या आला तेव्हा मुठीएवढा होता. कोंडिबांनी त्याला आंबवड्याहून पिशवीत घालून एसटीनं आणलं. हिर्डोशीला उतरून वरच्या अंगाच्या घरापर्यंत चालताना पिशवीत सारखी कुईकुई चालू होती. कोंडिबा मधूनच आत हात घालत. पिल्लू त्यांचं बोट चोखायचं आणि गप्प व्हायचं.

आधीचं कुत्रं फार मवाळ होतं. कुणीतरी दावणीच्या दोन शेळ्या सोडून नेल्या, तर ते शेपूट हलवत चोराला ओढ्यापर्यंत पोचवून आलं. भावजय साळूबाई बांधापलीकडं राहायच्या. त्या म्हणाल्या, "भावजी, पाव्हन्याला चहा तेवढा पाजायचा ऱ्हायला की." गाव कितीतरी दिवस हसलं. कोंडिबा हसले नाहीत. पुढचं कुत्रं तिखट करायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

तिखट करायची रीत त्यांच्या वडिलांची. पिल्लू कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवायचं. भाकरी धन्याच्याच हातची. आणि घरी येईल त्यानं डालग्यावर काठी आपटायची. परका म्हणजे भीती, हे पिल्लाच्या हाडात मुरलं पाहिजे. काठी दाराच्या चौकटीला टेकवलेलीच असे. साळूबाईंनी ती आपटली. दूध न्यायला येणाऱ्यानं आपटली. टपाल घेऊन आलेल्यानंही हसत हसत आपटली. आतून आधी रडणं यायचं. मग गुरगुरणं यायला लागलं. त्या दिवशी कोंडिबांनी पिल्लाला दुधात भाकरी कुस्करून घातली.

मधे लेक माधुरी वरव्याहून माहेरी आली होती. तिनं डालगं उचललं आणि पिल्लू मांडीवर घेतलं. ते आधी थरथरलं, मग तिथंच झोपलं. माधुरी म्हणाली, "आबा, याला आत्ताच चार माणसांत सोडा. लोकांचे हात लागू द्या. नंतर नाही जमायचं."

"त्यानं बुजावं म्हनूनच तर झाकलंय," कोंडिबा म्हणाले. त्यांनी झोपलेलं पिल्लू उचललं आणि पुन्हा डालगं घातलं.

ढाण्या मनासारखा निघाला. रानडुकरं नाचणीकडं फिरकेनात. येणारा माणूस बांधावरूनच हाक मारू लागला. मग हाकाही कमी झाल्या. माधुरी आली तर साळूबाईंच्या ओट्यावर बसायची आणि कोंडिबा तिला भेटायला तिकडं जायचे. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. कुत्र्याचं कौतुक मात्र ते सगळ्यांना सांगत.

मग कोंडिबांचा डोळा गेला. डावा. भोरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्याचं ऑपरेशन पुण्यात लगेच करा, गेलेली नजर परत येत नसते, असं बजावलं. ऑपरेशननंतर काही आठवडे माधुरीकडं राहावं लागणार होतं. कोंडिबांच्या मनात एकच आलं. ढाण्याला भाकरी कोण घालणार?

सोबत न्यायचं म्हणून टेम्पो बोलावला. ढाण्यानं उभ्या जन्मात टेम्पो पाहिला नव्हता. इंजिन सुरू होताच दोर तोडून तो गोठ्यात शिरला, तो अंधार पडेपर्यंत बाहेर आला नाही.

मग ढाण्याला साळूबाईंच्या हातचं खायची शिकवण सुरू झाली. साळूबाई रोज बांधावर येऊन बसायच्या, भाकरीचा तुकडा टाकायच्या. ढाण्या त्याला तोंड लावायचा नाही. तोच तुकडा कोंडिबांनी उचलून दिला की खायचा. माधुरी फोनवर रडली, ओरडली. कोंडिबा म्हणायचे, एवढा आठवडा जाऊ दे. प्रत्येक आठवड्याला हेच. असं करता करता भाताची लावणी आली आणि गेली. समोरचा डोंगर त्यांना आधी धुरकट दिसायचा, नंतर दिसेनासा झाला. ते कुणाला बोलले नाहीत.

एका सकाळी साळूबाई बांधावरून म्हणाल्या, "खाल्ली हो भावजी. माज्या हातची खाल्ली." कोंडिबांना ते दिसलं नाही. त्यांनी नुसतं चावण्याचा आवाज ऐकला.

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून पाहिला. मग ते माधुरीशी बोलले, कोंडिबांशी नाही. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माधुरीनं त्यांना आंधळ्यांची पांढरी काठी घेऊन दिली. वरव्याच्या रस्त्यावर ती टेकत चालायला शिकवलं. आपल्याकडंच राहा म्हणाली. ते राहिले नाहीत. तिनं त्यांना हिर्डोशीला आणून बांधापर्यंत सोडलं. पुढं ती जाऊ शकत नव्हती.

अंगणात शिरताच कोंडिबांनी काठी टेकली. टक्. समोरून गुरगुर आली.

"ढाण्या, म्या हाय रं."

गुरगुर थांबली. त्यांनी पुन्हा काठी टेकली. पुन्हा गुरगुर. या वेळी खोल, आणि तिच्याखाली बारीक रडणं. ते रडणं कोंडिबांनी ओळखलं. डालग्याखालचं होतं.

 ते चाचपत गेले आणि काठी चौकटीला टेकवून ठेवली, पहिली असायची तिथंच. लगेच पायाशी ऊब आली. ओलं नाक त्यांच्या बोटाला लागलं.

बांधावरून साळूबाईंनी हाक दिली. "भावजी, काठी घ्या की हातात. पडाल."

"नगं वयनी," कोंडिबा म्हणाले. "काठीला भ्यायला म्याच शिकवलंय त्याला."

आणि भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत, ते आत गेले.