शिक्षेचं पाणी

नेकनूरजवळच्या एका खेड्यात राधाकिशन गुरुजींच्या छडीला सगळी शाळा भ्यायची. पण सत्त्याऐंशीच्या दुष्काळात उन्हानं मलूल झालेल्या पोरांवर हात उगारायला ते धजेनात. मग त्यांनी नवी शिक्षा काढली. खोडी करणाऱ्यानं दूध सोसायटीच्या बोअरवर जायचं आणि शाळेच्या रांजणासाठी घागर भरून आणायची. बोअर गावाबाहेर माळावर, वाट तापलेली.

"दोन खेपा केल्या की मस्ती जिरंल," ते म्हणाले.

मस्ती जिरली नाही, उलट वाढली. प्रार्थनेत शिट्ट्या वाजू लागल्या, पाट्या फुटू लागल्या. एकानं तर गुरुजींच्या टोपीत खडे भरले. गुरुजी चक्रावून गेले.

आणि एका सकाळी चौथीतली भिवरा उठली. या पोरीचा वर चढलेला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. तिनं टेबलावरचं डस्टर उचललं आणि सरळ गुरुजींच्या अंगावर फेकलं.

वर्ग गारठला. गुरुजींच्या कपाळावर खडूची पांढरी खूण उमटली होती.

"चल, हो घरी! आईला आणल्याबिगर शाळेत यायचं न्हाई."

भिवरा जागची हलली नाही. "घागर द्या की, गुरुजी."

"काय?"

"शिक्षा द्या. मला एकदाबी दिली न्हाई. मी खोडी करीत न्हाई, म्हणून आमच्या घरी पाणी न्हाई."

गुरुजींना काही उमगेना. मागच्या बाकावरच्या सिदूनं खाली मान घालून सांगितलं, "जो शाळेची घागर नेतो, त्याला सोसायटीचे सुंदरराव घरी न्यायला एक कळशी भरून देत्यात."

गुरुजी खुर्चीवर मटकन बसले. पंधरवडाभर ते पोरांना वाह्यात म्हणत होते.

शाळा सुटल्यावर ते भिवराच्या घरी गेले. तिची आई बाळंतीण. बाप ऊसतोडीहून परतलाच नव्हता. टँकरच्या झोंबाझोंबीत जाणारं घरात कुणी नव्हतं. दोरीवर बाळाची फडकी न धुताच वाळून कडक झाली होती. गुरुजी उंबऱ्यात उभे राहिले.

तिथून ते थेट सुंदररावांकडे गेले.

"गुरुजी, सगळ्या गावाला दिलं तर दुधाचे क्यान कशानं धुवायचे? शिक्षेच्या पोरांना तेवढं देतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले आणि म्हणाले, "आजपासून सगळ्यांनाच शिक्षा."

माळावर कळश्यांची रांग पाहून सुंदररावांनी कपाळावर हात मारला.

"एवढी पोरं बिघडली, गुरुजी?"

"लई बिघडली."

सुंदररावांनी गुरुजींच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग मोटार चालू केली.

पाऊस येईस्तोवर ती रांग रोज लागली. भिवरा मात्र कितीतरी दिवस गुरुजींसमोर मान वर करीना. त्यांनी बोलावलं की दचकायची. एवढ्या वर्षांत पोरांनी घाबरावं म्हणूनच ते झटले होते. आता ती घाबरलेली पोर समोर उभी राहिली की तेच नजर चोरत.